खोक्यावरचे आकडे, टेबलावरची अक्षरं

घरासाठी संगणक जुळवायला बसलेल्या माणसाची यादी पाहिली तर तिच्यात एक ठरलेला क्रम दिसतो. आधी प्रोसेसर, मग रॅम, मग एसएसडी, मुलगा हट्टाला पेटलाच तर ग्राफिक्स कार्ड, आणि सगळ्यात शेवटी ‘एक मॉनिटर’. त्याच्यापुढे मॉडेल लिहिलेलं नसतं, आकार असलाच तर अंदाजाने असतो, आणि किंमत म्हणजे वरची बेरीज करून जे उरलं ते. गंमत अशी, की यादीतली सगळ्यात जास्त टिकणारी वस्तू हीच. प्रोसेसर चार-पाच वर्षांत मागे पडतो, रॅम वाढवावी लागते, डबाच बदलतो. मॉनिटर त्याच टेबलावर राहतो, दुसऱ्या संगणकाला जोडला जातो, पुढे ऑफिसच्या लॅपटॉपला. आठ-दहा वर्षं एकच पडदा वापरणारी घरं कितीतरी आहेत. जिच्याकडे आपण तासन्‌तास पाहणार, त्या वस्तूच्या वाट्याला दुकानातली शेवटची पाच मिनिटं येतात.

ही पुस्तिका त्या पाच मिनिटांच्या आधी वाचायची आहे. तिचा वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे तो असा: दिवसभर एक्सेल, ईमेल, बँकेची कामं, मुलांचे प्रोजेक्ट, यूट्यूब, ई-पेपर, रात्री जेवणं उरकल्यावर तासभर व्हॅलोरंट, जीटीए किंवा फुटबॉलचा एखादा सामना. मॉनिटरसाठी खिशात सात-आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत रुपये. छायाचित्रं विकून पोट भरणारे, सिनेमाच्या रंगांवर काम करणारे किंवा बक्षिसासाठी खेळणारे यांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांना त्या आपल्यापेक्षा चांगल्या कळतात.

या किमतीत सगळंच चांगलं असलेला मॉनिटर मिळत नाही. तडजोड होणारच, ती कुठे करायची हे आपण ठरवायचं की दुकानदाराने, एवढाच प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिले पैसे अक्षरांवर घालावेत, नंतरचे वेगावर, आणि खोक्यावर मोठ्या ठशात छापलेल्या ‘एचडीआर’, ‘१ मिलिसेकंद’, ‘कर्व्ह्ड’ या शब्दांवर एक रुपयाही घालू नये. पुढची सगळी प्रकरणं या मताचं समर्थन आहेत. ज्यांना ते आत्ताच पटलं, त्यांनी थेट खरेदीच्या प्रकरणाकडे वळायला हरकत नाही.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असा प्रश्नच नव्हता. मॉनिटर म्हणजे काचेचा फुगीर चेहरा आणि मागे हातभर पोट असलेला डबा, १५ इंची किंवा १७ इंची. तो उचलायला दोन माणसं लागत आणि मागे पंधरा पिनांचा निळा व्हीजीए प्लग असे. आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर आणलेलं हे व्हीजीए इतकं चिवट निघालं, की स्वस्त मॉनिटरांच्या पाठीवर ते आजही सापडतं. त्या डब्यांवर एका पिढीने डेंजरस डेव्ह, रोड रॅश आणि पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून क्रिकेट ०७ खेळलं. त्यात तक्रारीला जागा फार होती. डोळे दुखत, वीज खाल्ली जाई, टेबलाची निम्मी जागा जाई. पण दोन गोष्टींत तो डबा आजच्या बऱ्याच स्वस्त सपाट पडद्यांना भारी होता. त्याचं काळं खरोखर काळं होतं, आणि त्यावर हलणारी वस्तू पुसट होत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत काचेवरच्या लेपाला क्षणभर उजळवून पुढे सरके आणि लगेच तिथे अंधार होई. डोळ्यांना एकामागून एक स्वच्छ चित्रं मिळत.

सपाट पडद्याने हे दोन्ही गमावलं. गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर आज जे काही छापलेलं असतं, रिफ्रेश रेट, रिस्पॉन्स टाइम, कॉन्ट्रास्ट, पाहण्याचा कोन, ती बहुतेक या हरवलेल्या मालाच्या परतफेडीची यादी आहे. हे लक्षात आलं की त्या आकड्यांची भीती निम्मी होते.

कारण समजायला आत डोकवावं लागतं. १८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिश राइनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या एका कोलेस्टेरॉल-संयुगावर काम करत होता. त्याला दिसलं, की हा पदार्थ दोनदा वितळतो: साधारण १४५ अंश सेल्सिअसला त्याचा ढगाळ द्रव होतो आणि १७८ अंशांच्या आसपास तो द्रव एकदम नितळ होतो. मधली ती ढगाळ अवस्था म्हणजे द्रव-स्फटिक. वाहतो द्रवासारखा, पण रेणू मात्र एका दिशेने रांगेत उभे. त्याचा उपयोग सापडायला ऐंशीहून अधिक वर्षं गेली. १९७० साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी विजेच्या दाबाने या रेणूंची पिळवट सोडवण्याची युक्ती पेटंटसाठी नोंदवली. मनगटावरच्या डिजिटल घड्याळापासून मॉनिटरपर्यंतचा रस्ता तिथून निघतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की द्रव-स्फटिक स्वतः उजेड देत नाही. मागे एलईडीचा दिवा अखंड जळत असतो आणि प्रत्येक ठिपक्यापुढे हे स्फटिक खिडकीच्या झडपेसारखं काम करतात. झडप पूर्ण मिटली तरी फटीतून थोडा उजेड येतोच, म्हणून काळं थोडं राखाडी दिसतं. झडप हलायला वेळ लागतो, म्हणून धावत्या वस्तूमागे सावली राहते. आणि दुसरं चित्र येईपर्यंत पहिलं तसंच धरून ठेवलं जातं, म्हणून नजर वस्तूबरोबर सरकली की ती पुसट वाटते. ‘एलईडी मॉनिटर’ असं नाव देऊन विकला जाणारा मॉनिटर हा एलसीडीच असतो, फक्त मागच्या ट्यूबच्या जागी एलईडी आलेले असतात.

झडपेचे तीन प्रकार बाजारात आहेत. टीएन सगळ्यात जुना आणि वेगवान, पण खालून पाहिलं की रंग उलटेपालटे होतात. तो आता मागे पडला आहे. कुणी संशयास्पद स्वस्तात मॉनिटर देत असेल तर खुर्चीवरून उठून जरा वाकून पाहावं, म्हणजे कळतं. आयपीएस १९९०च्या दशकात जपानच्या हिताचीने बाजारात आणला. त्यात रेणू आडवेच फिरतात, त्यामुळे बाजूला बसलेल्या माणसालाही रंग तेच दिसतात. मात्र त्याचा कॉन्ट्रास्ट सहसा १०००ला १, म्हणजे रात्री दिवा बंद करून काळोखातला प्रसंग पाहिला तर काळ्याची राख झालेली दिसते आणि कोपऱ्यांत फिकट उजेड. तिसरा व्हीए. त्याचा कॉन्ट्रास्ट ३०००ला १ च्या घरात, काळं घट्ट, सिनेमा देखणा. त्याची खोड अशी, की गडद रंगातून दुसऱ्या गडद रंगात जाताना स्वस्त व्हीए अडखळतो. गुहेत, बोगद्यात, रात्रीच्या रस्त्यावर खेळताना काळ्या वस्तूंमागे शाईचा ओघळ येतो.

कोणता घ्यावा? आपल्या घरांचा उजेड पाहून ठरवावं. परदेशातली परीक्षणं बहुधा अंधाऱ्या खोलीत कॅमेरा लावून केलेली असतात. आपल्याकडे संगणक हॉलमध्ये किंवा मुलांच्या खोलीत, डोक्यावर ट्यूबलाइट, बाजूला गॅलरीचं दार. अशा उजेडात व्हीएचं घट्ट काळं धुऊन निघतं आणि त्याचा मुख्य फायदा हाती लागत नाही. कामासाठी घेतलेल्या मॉनिटरला म्हणून आयपीएस बरा. दिवे मालवून सिनेमे पाहणं हाच ज्यांचा मुख्य उद्योग आहे, त्यांनी खुशाल व्हीए घ्यावा. दोन्हींसाठी पडदा चकचकीत नसावा आणि उजेड २५० निट्सच्या खाली नसावा. गॅलरीकडे तोंड करून बसणाऱ्यांनी ३०० निट्स असलेला शोधावा, किंवा टेबल फिरवावं. दुसरा उपाय फुकट आहे.

आता अक्षरांकडे येतो. या विषयावर मराठीत वेगळं लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे.

पडद्यावरचे ठिपके मोजलेले असतात. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, एकूण २०,७३,६००. पडदा २२ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच. मोठ्या पडद्यावर ते ताणून बसवले जातात. २१.५ इंची पडद्यावर इंचाला साधारण १०२ ठिपके येतात, २४ इंचीवर ९२, आणि २७ इंचीवर जेमतेम ८२. विंडोजने इंचाला ९६ ठिपके हे माप पूर्वापार गृहीत धरलेलं आहे. त्यामुळे २४ इंची फुल एचडी पडद्यावर सगळं आपोआप योग्य आकाराचं दिसतं, काही मोठं-लहान करावं लागत नाही. दुकानात मात्र शेजारी ठेवलेला २७ इंची फुल एचडी दीड-दोन हजारांनीच महाग असतो आणि भिंतीवरून रुबाबदार दिसतो. सहा फुटांवरून तो रुबाबदार असतोच. घरी आपण दोन फुटांवर बसतो.

रोमन लिपीला ही ताणाताणी बऱ्यापैकी झेपते. तिची बहुतेक अक्षरं एका मजल्याची. देवनागरी तीन मजल्यांची आहे: मध्ये अक्षर, वर शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. शिवाय जोडाक्षरं एकमेकांच्या पोटात. इंग्रजीच्या एका ओळीला जेवढी उंची मिळते तेवढ्यातच हे सगळं कोंबलं जातं. ‘कर्तृत्व’, ‘उद्ध्वस्त’, ‘वृद्धिंगत’ हे शब्द बारा-तेरा ठिपक्यांच्या उंचीत लिहायचे म्हणजे काय होतं ते कुठल्याही जुन्या पडद्यावर पाहावं. भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका छोट्या फटीवर आणि गाठीवर अवलंबून. ठिपके भरड झाले की ती फटच बुजते. विंडोजचं क्लिअरटाइप अक्षरांच्या कडा गुळगुळीत करतं खरं, पण ते एका ठिपक्यातल्या शेजारी-शेजारी असलेल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्यांचा उपयोग करून. म्हणजे मुख्य फायदा आडव्या दिशेला. आपल्या लिपीची गर्दी उभ्या दिशेला आहे, तिथे त्याची मदत तोकडी पडते.

म्हणून नियम साधा. फुल एचडी घ्यायचा तर २४ इंचांवर थांबावं. २७ इंच हवाच असेल तर २५६० × १४४० ठिपक्यांचा, म्हणजे क्वाड एचडी घ्यावा. त्यात इंचाला १०९ ठिपके येतात आणि मराठी मजकूर वाचताना पहिल्या पानातच फरक कळतो. अशा मॉनिटरची किंमत आपल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला, कधी थोडी पलीकडे जाते. ज्यांचं काम भाषांतर, मुद्रितशोधन, वकिली, अध्यापन असं वाचण्या-लिहिण्याचं आहे त्यांनी ग्राफिक्स कार्डातले पैसे कमी करून इकडे वळवावेत, असं मी बेधडक सांगेन. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन गोष्टी न्याव्यात: एखाद्या मराठी दैनिकाच्या ई-पेपरचं पान आणि सातबाऱ्याची पीडीएफ. शंभर टक्के आकारात उघडून नेहमीच्या अंतरावरून वाचावं. दुकानदार लावून ठेवतो त्या पोपटांच्या आणि धबधब्यांच्या चित्रफितींवर कुठलाही मॉनिटर छान दिसतो.

अंतराचाही विचार घरीच करून जावा. पडदा साधारण हातभर अंतरावर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटरवर असावा. २४ इंची पडद्याची रुंदी ५३ सेंटिमीटरच्या आसपास भरते, २७ इंचीची ६० च्या आसपास. फ्लॅटमधली तयार संगणक-टेबलं पुष्कळदा ४५ सेंटिमीटरच खोल असतात. त्यावर स्टँडची बैठक मागे सरकवायला जागा नसते आणि २७ इंची पडदा नाकाशी येतो. मग गेम खेळताना कोपऱ्यातला नकाशा पाहायला मान वळवावी लागते.

क्वाड एचडीचा एक खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो. त्यात फुल एचडीच्या पावणेदोन पट ठिपके आहेत आणि गेममध्ये ते सगळे ग्राफिक्स कार्डाला दर क्षणी रंगवावे लागतात. जुन्या किंवा प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना ते जड जातं. खेळासाठी ठिपके कमी करू म्हटलं तर जुन्या काचेच्या डब्यासारखं ते निमूट चालत नाही. सपाट पडद्याची ठिपक्यांची जाळी पक्की असते. १४४०च्या जाळीवर १०८० बसवताना एका ठिपक्याचे सव्वा-दीड ठिपके करावे लागतात आणि चित्र मऊ पडतं. धावपळीच्या खेळात ते खपून जातं, पण जाळी बदलत नाही हे माहीत असलेलं बरं.

वेगाचा मुद्दा यानंतर येतो, आणि तो खोटा नाही. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १०० हर्ट्झला १०, १४४ ला ६.९ आणि १८० ला ५.६. या आकड्यांची वजाबाकी केली की बाजाराचं गणित उघडं पडतं. साठवरून शंभरवर गेलं की जवळजवळ सात मिलिसेकंद वाचतात. माउसचा बाण आणि सरकणारी पानंही हलकी वाटू लागतात, गेम न खेळणाऱ्यालासुद्धा. शंभरवरून १४४ वर तीन मिलिसेकंद. १४४ वरून १८० वर सव्वा. आज साधे ऑफिसचे मॉनिटरही १०० हर्ट्झचे येतात, आणि हौसेने खेळणाऱ्याला तिथपर्यंतचा फायदा खरा आहे. त्याहून पुढचे हर्ट्झ फुकट किंवा थोडक्यात मिळत असतील तर घ्यावेत. हल्ली पुष्कळदा मिळतात. पण त्यासाठी चांगल्या पॅनेलवर पाणी सोडू नये. शिवाय मॉनिटर १८० चित्रं दाखवू शकतो म्हणून गेम तेवढी देईलच असं नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक मध्यम कार्डावरही शंभरी ओलांडतात. जीटीएसारखे भव्य शहर उभं करणारे खेळ त्याच कार्डावर पन्नास-साठला धापा टाकतात.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण तिच्यापायी कितीतरी लोकांचे पैसे वाया जातात. जास्त हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोज अनेकदा ६० वरच राहतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. तिथे मोठा आकडा दिसतच नसेल तर दोष केबलचा किंवा सॉकेटचा. काही मॉनिटर पूर्ण वेग फक्त डिस्प्लेपोर्टवर देतात, एचडीएमआयवर कमी देतात. जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ फुल एचडीला १२० हर्ट्झपाशी थांबतो. आणि व्हीजीए तर जोडूच नये, त्यातून येणारी अक्षरंही पुसट असतात. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल आहे का हे पैसे देण्यापूर्वी विचारावं.

‘१ मिलिसेकंद’ या शब्दावर मी रुपया घालू नये म्हटलं त्याचं कारण असं. झडप एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला किती वेळ घेते ते मोजण्याचा एकच सक्तीचा नियम नाही. कंपनी आपल्याला सोयीची छटांची जोडी निवडते, झडपेला जादा दाब देण्याची ओव्हरड्राइव्ह नावाची सोय टोकाला नेते, आणि त्या अवस्थेतला सर्वांत चांगला आकडा छापते. प्रत्यक्षात ओव्हरड्राइव्ह टोकाला नेलं की धावत्या वस्तूमागे काळ्या सावलीऐवजी पांढरी भुतं दिसतात. आकड्यापुढे एमपीआरटी लिहिलं असेल तर गोष्ट आणखी निराळी. तिथे मागचा दिवा भराभर लुकलुकवून जुन्या काचेच्या डब्याची नक्कल केलेली असते. चित्र सुबक होतं, पण पडदा अंधारतो, काहींचे डोळे लगेच थकतात. घरी आणल्यावर ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवावं आणि हा विषय डोक्यातून काढून टाकावा.

त्यापेक्षा अडॅप्टिव्ह-सिंककडे लक्ष द्यावं. हौशी खेळाडूला खरी मदत त्याची होते. गेम सेकंदाला ५३ चित्रं देतोय आणि पडदा १०० वेळा बदलतोय, तर मधूनच अर्धं जुनं आणि अर्धं नवं असं फाटलेलं चित्र दिसतं. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणून पडद्यालाच गेमची वाट पाहायला लावलं, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये महागडा तुकडा बसवावा लागे. पुढच्याच वर्षी व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने हीच सोय डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातली, एएमडीने ती फ्रीसिंक नावाने २०१५ मध्ये बाजारात आणली, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या कार्डांना तिचे दरवाजे उघडले. तेव्हापासून स्वस्त मॉनिटर खेळायला खरोखर योग्य झाले. पाहायचं एवढंच, की ही सोय कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत चालते. ४८ ते ७५ असेल तर गेम ४८ च्या खाली घसरला की सोय संपली. ४८ ते १४४ असेल तर खाली घसरल्यावर एकच चित्र दोनदा दाखवून ती सावरून घेते. टीव्हीशेजारच्या प्लेस्टेशन ५ ला हा मॉनिटर जोडण्याचा बेत असेल तर एक अडचण आहे: ते फ्रीसिंक मानत नाही, त्याला एचडीएमआय २.१ मधली वेगळी सोय लागते, जी या किमतीत क्वचित असते. एक्सबॉक्सला फ्रीसिंक चालतं.

एचडीआर आणि रंग यांचं थोडक्यात. व्हेसाने २०१७ च्या शेवटी आखलेल्या डिस्प्लेएचडीआर श्रेणींमधली सर्वांत खालची ४०० निट्सची. आपल्या किमतीतले बहुतेक मॉनिटर तिथेही पोचत नाहीत. ते एचडीआरचा संदेश घेतात आणि आहे त्याच उजेडात दाखवतात. चित्र उलट फिकं होतं. ती सोय बंद ठेवावी. रंगांच्या बाबतीत एसआरजीबी ९५ टक्क्यांहून जास्त असं लिहिलेलं पुरे. कुणी एनटीएससी ७२ टक्के लिहिलं तर ते साधारण पूर्ण एसआरजीबीएवढंच असतं, आणि ४५ टक्के लिहिलं असेल तर लग्नाच्या फोटोंत शालू विटका दिसेल.

स्टँडकडे कुणी पाहत नाही आणि मान त्याची किंमत देते. या किमतीतले स्टँड फक्त पुढे-मागे कलतात, वर-खाली होत नाहीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी, आणि ती तिथे येत नाही. मग मॉनिटरखाली जाडजूड गाइडं किंवा जुने दिवाळी अंक येतात; त्यात गैर काही नाही. पाठीवर व्हेसाच्या चार भोकांची सोय आहे ना, एवढं पाहावं; ती ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराने असतात. पुढे कधी मॉनिटर भिंतीला किंवा मॉनिटर-आर्मला अडकवता येतो. डोळ्यांसाठी ‘लो ब्लू लाइट’चा शिक्का फार मनावर घेऊ नये. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, आणि त्यावर मॉनिटर काही करू शकत नाही. ‘फ्लिकर-फ्री’ मात्र असावा, कारण काही पडदे उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा भराभर चालू-बंद करतात.

राहता राहिली खरेदी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आता ज्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, किंवा आपल्या गावातलं संगणकाचं दुकान, नाहीतर ऑनलाइन. दुकानात पडदा पेटवून पाहता येतो, हा फायदा मी मोठा मानतो. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा अशी कोरी चित्रं पूर्ण पडद्यावर लावून मेलेले किंवा सतत पेटलेले ठिपके शोधावेत. घरी गेल्यावर एखादा ठिपका दिसला तर कंपनी मॉनिटर बदलून देईलच असं नाही. ठिपक्यांच्या दोषांना आंतरराष्ट्रीय मानकाने श्रेणी लावलेल्या आहेत, आणि बऱ्याच कंपन्या आधार घेतात त्या श्रेणीत दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायम पेटलेले चालतात. फुल एचडीत वीस लाख ठिपके आहेत, म्हणजे असे चार ठिपके कागदोपत्री निर्दोष. त्यामुळे परत घेण्याची मुदत किती दिवसांची, आणि तीन वर्षांची हमी असेल तर माणूस घरी येणार की आपण मॉनिटर घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचं, हे बिल करण्यापूर्वी विचारावं. खोकं आणि आतला थर्माकोल हमी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्यावा. मागच्या लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावं. जीएसटी १८ टक्के; ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरांवरचा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ वर आला. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणणाऱ्याकडे हमीही बिलाशिवायचीच असते.

विजेचा अडॅप्टर बाहेर असलेला मॉनिटर मी आत असलेल्यापेक्षा पसंत करतो. तो दिसायला अडगळ, पण दाब वर-खाली होणाऱ्या गावात आधी जळतो तो अडॅप्टर, आणि तो काही शे रुपयांत बदलता येतो. पॅनेल गेलं तर दुरुस्ती परवडत नाही. त्याची किंमत जवळजवळ नव्या मॉनिटरएवढी असते.

गेम अजिबात खेळायचे नसतील तर आणखी एक वाट आहे, जी दुकानदार सहसा सुचवत नाही. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून बदलून बाहेर पडलेले जुने मॉनिटर. त्यांत १९२० × १२०० ठिपक्यांचे २४ इंची आयपीएस सापडतात, वर-खाली होणाऱ्या भक्कम स्टँडसह, नव्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास. त्यांच्या उंचीत फुल एचडीपेक्षा १२० ठिपके जास्त असतात, म्हणजे कागदपत्राच्या चार-सहा ओळी जास्त. वेग ६० हर्ट्झच. पांढरा पडदा लावून कडा पिवळट झाल्या आहेत का, आणि पूर्ण उजेडावर तो मंद वाटतो का, एवढं तपासून घ्यावा.

या पुस्तिकेत कुठल्याही मॉडेलची शिफारस नाही, याबद्दल काही वाचक नाराज होतील. मॉडेलं वर्षभरात बदलतात आणि किमती तर गणपती-दिवाळीच्या सेलमध्ये आठवड्याला बदलतात. त्याहून मोठी अडचण अशी, की नाव तेच ठेवून आतलं पॅनेल बदललेलं असू शकतं. मागच्या वर्षीचं परीक्षण या वर्षीच्या खोक्याला लागू पडेलच असं नाही. म्हणून नाव पाठ करण्याऐवजी खोक्याच्या बाजूला छापलेला तक्ता वाचावा. तिथे पॅनेलचा प्रकार, ठिपके, कोणत्या सॉकेटवर किती हर्ट्झ आणि उत्पादनाचा महिना-वर्ष हे सगळं असतं. काही बारीक अक्षरांत, काही उत्पादनाच्या स्टिकरवर. पहिलं प्रकरण तो तक्ता ओळीओळीने वाचायला शिकवण्यासाठी आहे.